आणखी चार प्लेटा

नांदेडहून हैदराबादच्या रस्त्यानं नायगावात शिरलं की पूर्वी घरमालकाची ऐपत गेटवरून कळायची. आता मान वर करावी लागते. गच्चीवर सहा प्लेटा असल्या तर नोकरदार माणूस समजावा. दहा असल्या तर घरात कुणीतरी गुत्तेदार आहे. चौदाच्या पुढे गेल्या तर मालक येत्या निवडणुकीला उभा राहणार हे गृहीत धरावं आणि आतापासून नमस्कार घालत चलावं. स्थळ बघायला येणारी मंडळी आधी विचारायची, बोअरला किती इंच पाणी? हल्ली चहाची बशी हातात धरून वर बघतात आणि म्हणतात, "किती किलोवॅटचं हाय?"

या वेळचा विषय सोलर बसवावं का, हा नाही. त्याचा निकाल कधीच लागलाय. ज्याचं बिल मोठं आणि गच्ची मोकळी, त्यानं बसवावं. विषय त्याच्या पुढचा आहे. एकदा बसवून होतं, दोन-चार बिलं किरकोळ येतात, आणि मग एका रविवारी माणूस गच्चीवर उभा राहून उरलेल्या जागेकडे बघत म्हणतो, "आणखी चार प्लेटा टाकून द्याव्या म्हणतो."

का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "ऊन तर फुकटच हाय की!"

हे मात्र खरं. मराठवाड्याला न मागता, मोर्चा न काढता मिळणारी ही बहुधा एकमेव गोष्ट. पण प्लेट फुकट नाही, तिच्याखालचा लोखंडी सांगाडा फुकट नाही, आणि सांगाडा बसवायला येणारी पोरं तर दुपारचं जेवणही मागतात.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींनी याच प्रश्नावर सोलरवाल्या पोराला घरी बोलावलं. पोरगं हुशार. गच्चीवर टेप फिरवला, मोबाईलवर बोटं चालवली आणि धडाधड सांगून मोकळं झालं. "सर, चार प्लेटा म्हंजे दोन किलोवॅट. दिवसाला आठ युनिट. महिन्याला दोनशे चाळीस. पंचवीस वर्षं बघायचं काम नाई."

गुरुजींनी उभा जन्म सातवीच्या पोरांना नफा-तोटा शिकवलेला. त्यांनी चष्मा पुसला. "बाळा, ही दोनशे चाळीस युनिटं वापरणार कोण? घरात आम्ही दोघंच."

"कंपनी घेती की सर."

"कितीला?"

पोराला नेमका तेव्हाच फोन आला.

मेख इथंच आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला, वहन आकार धरून, पहिली शंभर युनिटं ५ रुपये ८८ पैशांनी पडत होती. शंभर ते तीनशेमधलं युनिट ११ रुपये ४६ पैशांनी, तीनशे ते पाचशेमधलं १५ रुपये ७२ पैशांनी, त्याच्या पुढचं आणखी महाग. वर १६ टक्के वीज शुल्क. पुढं दर वरखाली झाले, पण चढत्या टप्प्यांची रीत तीच राहिली. गच्चीवरची वीज बिलातून वजा होते ती वरच्या टोकाकडून. त्यामुळे पहिल्या प्लेटा पंधरा रुपयांचं युनिट वाचवतात, मधल्या साडेअकराचं, त्यानंतरच्या सहाच्या आतलं. आणि घरात लागतच नाही अशी वीज जी प्लेट बनवते, तिचं युनिट वर्षाअखेरीला तीनेक रुपयांच्या घाऊक भावात जातं. म्हणजे तुम्ही आता ज्या चार प्लेटा टाकायला निघालात, त्या घरातल्या सगळ्यांत कमी कमावणाऱ्या असणार. गच्चीवर मात्र सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून शेजाऱ्याला कळत नाही. मालकालाही नाही.

सरकारला हे कळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार अनुदान, तिसऱ्याला अठरा हजार, आणि ७८ हजारांवर कुलूप. चौथ्या किलोवॅटपासून सरकार नुसत्या टाळ्या वाजवतं. नावातलं 'मोफत' हेही महिन्याला तीनशे युनिटांपर्यंतचं आहे, आणि तीन किलोवॅटच्या प्लेटा वर्षाची सरासरी काढली तर तेवढी वीज आरामात देतात. योजना लिहिणाऱ्यानं घर बघून माप काढलं होतं. आपण शेजारी बघून काढतो.

गुरुजींनी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडलेलं गणित मी पाहिलं. चार प्लेटा, सांगाडा, वायरी, मजुरी धरून लाखभर रुपये. वर्षाची युनिटं साधारण २,९००. सगळी उरली तर तीन रुपयांनी ८,७००. लाख फिटायला अकरा वर्षांच्या वर, आणि तोवर इन्व्हर्टरची वॉरंटी संपून गेलेली. हाच लाख बँकेत ठेवला तर सहा-साडेसहा हजार व्याज येतं आणि मुद्दल जागेवर राहते. शिवाय वानरं मुदत ठेवीवर उड्या मारत नाहीत. (हा शेवटचा मुद्दा गुरुजींनी खाली दोन रेघा ओढून लिहिलाय. ज्यांच्या गच्चीवर टोळी येते त्यांनाच तो कळेल.)

पण हीच २,९०० युनिटं साडेअकराच्या टप्प्यात खरोखर वापरली गेली, तर वर्षाला तेहतीस हजार वाचतात आणि लाख तीन वर्षांत वसूल. प्लेट तीच, ऊन तेच. तेव्हा आणखी प्लेटा टाकायच्या का, हे गच्चीवर उभं राहून ठरत नाही. खाली घरात येऊन काय-काय चालू आहे ते बघावं लागतं.

"एसी घेणार हाय ना औंदा," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. घ्या. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर दहाएक युनिटं खातो. अडीच महिन्यांची साडेसातशे झाली. उरलेली दोन हजारांवर युनिटं कुणाच्या नावानं बनवताय?

इथं एक खरी तक्रार आहे आणि ती मी मोठ्या आवाजात करणार आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे नेट मीटरवाल्याची जास्तीची युनिटं महिन्यामागून महिना पुढं जमा होत जातात, पण आर्थिक वर्षापुरतीच. ३१ मार्चला वही बंद. उरलेली युनिटं घाऊक भावानं गेली आणि १ एप्रिलला पाटी कोरी. आता नायगावचं वर्ष बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखे बंद, आभाळ स्वच्छ, प्लेटा जोरात. शिल्लक वाढत जाते. आणि ज्या आठवड्यात कूलरचं जुनं गवत काढून नवं भरायचं, नेमकी त्याच आठवड्यात ती शिल्लक पुसली जाते. थंडीत साठवायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हिसकून घ्यायचं, असला मुहूर्त काढणारा माणूस एप्रिलात कधी नायगावला आलेला नसणार. म्हणून मग एप्रिल-मेच्या एसीसाठी वेगळ्या प्लेटा टाकायच्या, आणि त्याच प्लेटांनी पुढं थंडीभर तीन रुपयांची वीज बनवत बसायची. हिशेबाचं वर्ष जूनअखेरीला संपलं असतं तर बऱ्याच जणांना चार प्लेटांचा विचारच करावा लागला नसता. आपल्या भागाचे लोकप्रतिनिधी सोलरच्या फिती उत्साहानं कापतात. त्यांनी आयोगाच्या सुनावणीत एवढा एक मुद्दा मांडावा. कात्रीही लागणार नाही.

आता जोडणीचं. ज्यांनी पाच-सात वर्षांपूर्वी सोलर बसवलं त्यांच्या प्लेटा ३३०-३३५ वॅटच्या, निळ्या. आता बाजारात ५४०-५५० वॅटच्या, काळ्या. जुन्या भर उन्हात नऊएक अँपिअर देतात, नव्या तेराच्या घरात. दोन्ही एका माळेत जोडल्या तर बैलजोडीत एक बैल म्हातारा निघाल्यासारखं होतं. तरणा कितीही ओढाळ असला तरी तास म्हाताऱ्याच्या चालीनंच निघतं. मग नव्यांसाठी वेगळी माळ, ती घ्यायला इन्व्हर्टरमध्ये वेगळी सोय, आणि ती नसली तर वेगळा इन्व्हर्टर. तीन किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर पाच किलोवॅटच्या प्लेटा चढवल्या तर भर बाराला तो तीनच बाहेर सोडतो. सोलरवालं पोरगं हे लपवतं असं नाही. विचारलं तर सांगतं. आपण विचारतो ते फक्त "किती कमी करशील?"

कागदपत्रांची अडचण मात्र आता फारशी उरली नाही. गच्चीवरच्या प्रकल्पाची क्षमता मंजूर भाराच्या वर नेता येत नाही, त्यामुळे भारवाढीचा अर्ज, मग तपासणी, असे हेलपाटे पडायचे. केंद्रानं २०२४ मध्ये नियम दुरुस्त केले. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट गेली आणि भारही कंपनीनंच वाढवून द्यायचा ठरलं. तरीही न कळवता दोन प्लेटा गुपचूप वाढवणारे महाभाग आहेतच. वीज चोरून घेणारा माणूस आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. चोरून देणारा आत्ता कुठं जन्माला आलाय.

गच्चीची खरी मालकीण कोण, हे दस्तात लिहिलेलं नसतं. तीन किलोवॅटला तीनशे चौरस फूट गेले. आणखी दोनला दोनशे जाणार. गुरुजींच्या घरी टेप फिरत असताना मामी वर आल्या. एप्रिलचे दिवस. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, चीक काढून, पहाटेच शिजवून झालेला. बाजेवर जुनं लुगडं पसरलेलं आणि त्यावर सोऱ्यातून पाडलेल्या कुरडयांच्या रांगा. चार कावळे कठड्यावर बैठकीला. पोरगं म्हणालं, "मामी, काळजी करू नका, आठ फूट उंच स्ट्रक्चर करू. खाली सगळी जागा तुमचीच."

"जागा माझी, पण ऊन?" मामी म्हणाल्या. "कुरडया काय सावलीत वाळत्यात व्हय रं?"

पोराजवळ याला आकडेवारी नव्हती. त्या उन्हाला आधीच काम होतं, हे सर्व्हेच्या फॉर्मात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

जाता जाता दिशेचंही सांगून टाकतो. दक्षिणमुखी दार नको म्हणून ज्यांनी घराचा नकाशा दोनदा बदलला, त्यांच्याच गच्चीवर झाडून सगळ्या प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून बसल्यात. यमाची दिशा बिल कमी करत असेल तर वास्तुशास्त्रही समजुतीनं घेतं.

आणि सगळ्यांत मोठा गैरसमज. "आणखी प्लेटा टाकल्या की लाईट गेली तरी घर चालतंय." नाही चालत. बॅटरी नसलेलं सोलर लाईनच्या आधारावर चालतं. लाईन गेली की इन्व्हर्टर क्षणात स्वतःला बंद करून घेतो, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव घेईल. पण दृश्य बघण्यासारखं असतं. मे महिना, दुपारचे दोन, डोक्यावर रणरणतं ऊन, गच्चीवर दहा चकचकीत प्लेटा, आणि खाली मालक बनियनवर बसून कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं वारा घेतोय. सहा प्लेटा होत्या तेव्हाही पुठ्ठा होता, दहा झाल्या तरी पुठ्ठाच. तो घालवायचा तर बॅटरी आणि तिला चालणारा इन्व्हर्टर लागतो. प्लेटांची संख्या वाढवून पुठ्ठा जात नाही.

उलट डीपीवरचा भार वाढतो. गल्लीतल्या एकाच डीपीवर दहा गच्च्या भर दुपारी वीज ढकलायला लागल्या की व्होल्टेज चढतं, ते मर्यादेबाहेर गेलं की इन्व्हर्टर बंद पडतात. ज्याचं बंद पडतं तो पोराला फोन करतो, पोरगं म्हणतं लाईनचा प्रॉब्लेम, लाईनमन म्हणतो सोलरचा प्रॉब्लेम. डीपी काहीच म्हणत नाही.

"पण आपल्याकडं ऊन लई कडक, प्लेटा जास्त देत असतील ना?" हाही एक लाडका समज. प्लेटेवर छापलेले वॅट पंचवीस अंश तापमानाचे असतात. त्याच्या वर दर अंशाला उत्पादन साधारण एक तृतीयांश टक्क्यानं घटतं. मे महिन्यात प्लेट पासष्ट अंशांपर्यंत तापते. म्हणजे तेरा-चौदा टक्के तिथंच गेले. प्लेटेला उजेड हवा असतो, भट्टी नको. आपल्याकडे दोन्ही एकाच पॅकेटात येतात.

त्यात धूळ. हमरस्त्याची, मळणीची, वळवाच्या वाऱ्याची. उत्पादन कमी झालं म्हणून चार प्लेटा वाढवायला निघालेल्या एका गृहस्थाची गच्ची मी पाहिली. प्लेटेवर बोटानं नाव लिहिता येत होतं, आणि नातवानं ते लिहिलंही होतं. धुवा की! सकाळी लवकर, प्लेट थंड असताना, मऊ फडक्यानं. बोअरचं क्षाराचं पाणी मात्र तसंच वाळू देऊ नका, पांढरे डाग पडतात आणि ते धुळीपेक्षा चिवट. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलात लातूरसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं काचेला आंघोळ घालणं काहींना जड जातं हे मान्य. म्हणून लाख रुपये खर्चून आणखी चार काचा मळवायच्या?

दरम्यान, प्लेटा नसलेल्यांचंही थोडं बरं झालंय. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागं ऐंशी पैशांपासून सवलत मिळू लागली. गिरणी, मोटर, इस्त्री दिवसा उरकली तर मिळते. ऊन सगळ्यांचंच, हे कंपनीलाही पटायला लागलंय म्हणायचं.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. अख्खी वाडी, घर न्‌ घर. आमच्याकडं अर्ध्या गल्लीवर एकही प्लेट नाही आणि उरलेली अर्धी गल्ली दुसऱ्या हप्त्याच्या तयारीत. महिन्याला शंभर युनिटांच्या आत भागवणाऱ्यांसाठी राज्यानं २०२५ मध्ये जादा अनुदानाची योजना आणली. त्यातल्या कुणाला एक किलोवॅटचा अर्ज भरून द्या. डीपी तीच, ऊन तेच, आणि त्या घरची पहिली प्लेट तुमच्या अकराव्या प्लेटेपेक्षा जास्त कामाला येईल.

मग कुणीच वाढवू नये का? वाढवावं. गॅस सोडून सगळा स्वयंपाक इंडक्शनवर आणलेल्यानं, बिजलीवरची स्कूटर रोज नांदेडला पळवणाऱ्यानं, लेक-सून पुण्याहून कायमची परत आली आणि घरात दोन एसी लागले अशानं जरूर वाढवावं. पण आधी वापर वाढू द्यावा, बारा बिलं येऊ द्यावीत, मग प्लेटा. आपल्याकडं आधी गच्ची भरते आणि मग मालक घरभर हिंडत वीज खर्च करायला कारण शोधतो. दिवसा ट्यूबलाईट लावून ठेवणारे मी बघितलेत. "फुकटचीच हाय की."

गुरुजींनी शेवटी चार पंखे बदलले. जुने पंचाहत्तर वॅटचे काढून तीसेक वॅटचे बसवले. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला पन्नासावर युनिटं वाचतात, जवळपास एका प्लेटेएवढी. खर्च दहा-बारा हजार, कुरडयांना धक्का नाही.

तेव्हा आज संध्याकाळी फळीवरच्या पिशवीतून मार्च महिन्याचं बिल काढा. त्यात शिल्लक युनिटं दिसत असली तर नव्या प्लेटा नकोत. बादली आणि फडकं घेऊन वर जा. शिल्लक शून्य असून वर्षभर दर महिन्याला दोनशे युनिटांचं बिल येत असलं तर पोराला खुशाल बोलावा. मात्र त्यानं किमतीचा आकडा सांगायच्या आधी तुम्ही तीन गोष्टी विचारा : नव्या प्लेटांची माळ वेगळी का, इन्व्हर्टर पुरतो का, आणि ३१ मार्चला उरलेलं युनिट कितीला जातं. तिसऱ्या प्रश्नाला त्याला फोन आला, तर त्याला चहा पाजून पाठवून द्या.